कांडीच्या टोकाचा ज्वालामुखी

वळ, भिवंडी

प्रिय सार्थक,

तू मला संशयी म्हणतोस आणि मी ते कधी नाकारलं नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी जुडी उलटून बघणारी मी. साखरपुड्याला तू सगळ्या मावश्यांशी इतकं गोड बोलत होतास, की त्याचाही मला संशय आला होता. हा माणूस नक्की काय लपवतोय, असं मी मैत्रिणीला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. तेव्हा मी हसले होते. आज हसू येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळशील आणि मी गुंडाळून घेईन. तसं मला होऊ द्यायचं नाही.

रुचिकाच्या हळदीसाठी मी गावी आले, हे तुला माहीत आहेच. माझी ही चुलतबहीण नवरी झाली म्हणून आळीत नुसता गोंधळ आहे. काल मांडवात बसून आई तुझंच कौतुक सांगत होती. साखरपुड्याला तू तिला आपलं काम समजावलं होतंस ना, हिमनदीवर दरवर्षीचा बर्फ थरावर थर साचतो, जगात कुठे मोठा ज्वालामुखी फुटला की त्याचं आम्ल हवेतून पसरतं आणि बर्फाबरोबर खाली येऊन त्या वर्षीच्या थरात बसतं, आणि आपण बर्फाच्या लांब कांड्या कापून आणून तोच थर शोधतो. आईने त्याचं 'आंबट बर्फ' करून टाकलंय आणि साऱ्या आळीला सांगितलंय. काल ते सांगता सांगता ती सहज म्हणाली, "दसऱ्याला आलता तवा पन किती चांगला जेवला. तुला सांगला न्हाय व्हय गो?"

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. दसऱ्याला तू हिमाचलहून निघालेल्या बर्फाच्या ट्रकबरोबर वाटेत होतास. गोव्याला पोचल्यावर प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर म्हणालास, कुठे थांबलो नाही, थेट आलो. मग माझ्या घरी जेवायला कसा आलास? खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते अगदी फालतू होतं. वाटलं, माझ्यामागे बाबांशी लग्नाची काही बोलणी करायला आला असेल. म्हणून जीवनला पकडलं. माझा भाऊ कसा आहे तुला ठाऊक आहे, खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात. त्याने फोनमधला एक फोटो दाखवला.

मानकोलीच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो मशीन ऑपरेटर आहे, तिथला फोटो. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ, शेजारी कपाळाला कुंकू लावून हात जोडून उभा असलेला तू. तुझ्यामागे आपल्या प्रयोगशाळेची पांढरी खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर हळदकुंकवाची बोटं आणि एकेक फूल. दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे जे काही नवं दिसेल त्याला हळदकुंकू लागतं, मग तो मिक्सर असो की स्कूटर. एरवी मला ते पाहून भरून आलं असतं. पण माझी नजर कॉम्प्रेसरच्या दिव्यावर गेली. तो बंद होता.

आता मागचं आठव. हिवाळ्यात त्या कांड्या कापताना एकीच्या टोकाशी बर्फ काचेसारखा स्वच्छ होता, आत हवेचा एक बुडबुडा नाही. असा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असतो. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, त्या काळी उन्हाळा कडक पडला असेल. मी मान्य केलं. मग त्याच टोकाला आम्लाची ती उंच उसळी सापडली. राखेचा एक कण मिळाला नाही तरी प्रयोगशाळेचे आपले सर खूश झाले, नोंद नसलेला ज्वालामुखी सापडला म्हणून. पण अशीच उसळी वेगळ्या खोलीवरच्या आणखी दोन कांड्यांत होती, तीही टोकालाच, हे तुला आणि मलाच माहीत आहे. त्या दोन तू हातमोज्यांची घाण म्हणून काढून टाकल्यास आणि एक ठेवलीस. खरा ज्वालामुखी आपण करवत कुठे चालवणार हे विचारून फुटत नाही, सार्थक. खोकं तिरकं ठेवलेलं असेल, बर्फ जरासा वितळला असेल, तर आम्ल आधी पाण्यात उतरणार, ते आंबट पाणी उताराच्या टोकाला जमणार आणि तिथेच गोठणार. हे कॉलेजची पोरगीसुद्धा सांगेल. तुझ्या लक्षात आलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मी जीवनला पुलाखालच्या टपरीवर चहाला नेलं. तिथे त्याने सगळं ओकलं. पडघ्याजवळ ट्रकचं थंड करायचं मशीन बंद पडलं आणि तू त्याला फोन केलास. त्याने मोठ्या हौसेने एक छोटी रिकामी रूम मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी दसरा. जीवन आधी कापडाच्या लूमवर होता आणि दसऱ्याला लूम दिवसभर विश्रांती घेतात, पूजा झालेल्या मशीनला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे त्याच्या अंगात भिनलेलं. मोठ्या रूम बंद करायला मॅनेजरची परवानगी नसते. छोटीचं मशीन वेगळं होतं. मला म्हणाला, "बाकीच्या रूममधी माल व्हता, ताई. हिच्यात नुसता बर्फ. मना वाटला, पघळला तरी परत गोठेल." आरतीसाठी दारही उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं.

त्याला कळत नव्हतं. पण त्याने तुला विचारलं होतं, "दाजी, बंद करू ना?" आणि तू हो म्हणालास. का म्हणालास, तेही मला समजतं. सासरवाडीचा पहिला दसरा, आई ताट घेऊन उभी, सगळी पोरं हौसेने माळा घालतायत, तिथे मशीन बंद करू नका म्हणायला तुझी जीभ रेटली नाही. त्या 'हो'बद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही, उलट त्यासाठी तू मला जास्तच आवडतोस. मला झोंबतं ते नंतरचं. तू जीवनला सांगितलंस, ताईला बोलू नको. आणि पुढे आपल्या शोधनिबंधावर माझं नाव पहिलं टाकलंस.

त्या दिवशी मी किती नाचले होते! वाटलं, लग्नाआधीची भेट आहे ही. काल रात्रीपासून मात्र एकच किडा डोक्यात वळवळतोय. ते नाव प्रेमाने टाकलंस, की उद्या हे सगळं उघड झालं तर पहिलं नाव क्षितिजाचं, कोल्ड स्टोरेजमधला माणूस क्षितिजाचा भाऊ, असं दाखवता यावं म्हणून? हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. तुझ्याबद्दल असं मनात यावं, हे फार वाईट आहे. पण आलं आहे आणि जात नाही. तुला विचारलं तर तू प्रेमच म्हणणार, आणि मग मी त्या उत्तरावरही संशय घेणार. आयुष्यभर असं तुझ्या शेजारी बसून तुला उलटून पालटून बघायचं मला जमणार नाही.

म्हणून हे पत्र टपालाने पाठवलं नाही. ते तुझ्या हातात देणारा, आता तुझ्या दारात उभा असलेला, जीवनच आहे. निबंध परवा छापायला जाणार हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो आपणहून म्हणाला, मी गोव्याला जाऊन तुमच्या साहेबांना सांगतो की मशीन मी बंद केलं. मालकाला कळलं तर नोकरी जाईल, हे त्याला माहीत आहे. तुझं नाव तो घेणार नाही, कितीही समजावलं तरी. दाजींना कशाला मध्ये आणायचं, म्हणतो. मीही सरांना फोन केलेला नाही आणि तो तिथे पोचेपर्यंत करणार नाही. सरांच्या केबिनचा रस्ता त्याला ठाऊक नाही, सार्थक. तू त्याला लांबून दरवाजा दाखवतोस, की त्याच्याबरोबर आत जातोस, एवढंच मी त्याला संध्याकाळी विचारणार आहे.

अजून तरी तुझीच,
क्षितिजा