तपशीलवार लिहून द्यावे

३ सप्टेंबर, सोमवार
या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: शाळेची एकेचाळीस बाकं, राहत्या घराचे तिन्ही दरवाजे, लेकीचा, मिरीचा पाळणा, पुढे तिचं अभ्यासाचं मेज, हिच्या चष्म्याची पेटी, आणि जुन्या शिलाई मशीनच्या पायडलवर चालणारं, लाकूड कातायचं एक लेथ. शिकवायला कुणी नव्हतं. नववीनंतर शाळेत गेलो तो बाकं दुरुस्त करायला, आणि तिथेच कार्यशाळेचा मास्तर झालो.

म्हणून आज इथे पोचलो याचा आनंद लपवत नाही. शिक्षकांच्या अदलाबदलीत वर्षभर मी इथे आणि इथले सुतारकामाचे सर आमच्या शाळेत. त्यांच्या घरात मी राहायचं, माझ्या घरात त्यांनी. निघताना मेहुणा म्हणाला, भाऊजी, रंध्याला व्हिसा लागतो का बघा. मिरी मात्र हसली नाही. चौदा वर्षांची घोडी झाली, तरी फाटकाशी माझी बाही धरून उभी होती.

घर नीटनेटकं आहे. खिडकीची चौकट अर्धा सूत बाहेर आहे. रविवारी बसवीन.

५ सप्टेंबर, बुधवार
कार्यशाळा बघून डोळे निवले. बारा टेबलं, प्रत्येकाला शिकंजा, भिंतीवर हत्यारांच्या आकाराच्या रेघा.

इथली एक रीत आवडली. पाठ झाला की चारच्या आत छापील पत्रक भरून कार्यालयात द्यायचं: काय शिकवलं, हात कसा धरला, नजर कुठे होती. वर लिहिलेलं असतं, ‘तपशीलवार लिहून द्यावे.’ पत्रक तिकडच्या जोडीदाराला, म्हणजे माझ्या जागी गेलेल्या सरांना जातं. एकाची विद्या दोन देशांत नांदावी, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या.

माझ्यासारखेच बाहेरून आलेले खेळाचे मास्तर आहेत. त्यांनी दोन ओळी खरडल्या. मी पटाशीला धार लावण्यावर अकरा पानं दिली. बाई म्हणाल्या, अठरा वर्षांत असं पत्रक पाहिलं नाही. अंगावर मूठभर मांस चढलं.

११ सप्टेंबर, मंगळवार
पटाशीला धार लागेना. दगड वेगळा असेल. तीनदा लावली, तीनदा बोथट. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ सप्टेंबर, सोमवार
घरी फोन केला. ही कौतुकाने सांगत होती, पाहुण्या सरांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली. जीभ दातांत धरून, पातं उजेडाकडे करून, अगदी तुमच्यासारखी. पहिल्या आठवड्यात त्यांना म्हणे पेन्सिलीला टोक काढायची अक्कल नव्हती. मिरी मागून ओरडली की त्यांनी बाबांच्या खुर्चीत बसायचं नाही. ही तिला रागावली. मला बरं वाटलं.

दुपारी ‘घरची ओळख’ हे पत्रक दिलं. मुलांना दुसऱ्या देशातलं घर कळावं म्हणून. सव्वीस पानं झाली: कुठली पायरी कुरकुरते, दार कुठे खांदा लावला की उघडतं, ही रागावली की कशी गप्प बसते. मिरीवर एक ओळही लिहिली नाही. तिला स्वतंत्र पत्रक हवं. ती काय चार ओळींत मावणारी पोर आहे?

२५ सप्टेंबर, मंगळवार
काल डव्हटेलचं पत्रक दिलं. दोन फळ्या बिनखिळ्याच्या एकमेकींत अडकवायचा सांधा, माझ्या हातचा हुकमी एक्का. एकोणीस पानं.

आज वर्गापुढे करवत घेऊन उभा राहिलो आणि — काही नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. हात लाकडावर पडून राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. पुढच्या बाकावरच्या मुलीने हलकेच करवत काढून घेतली आणि करून दाखवलं. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. कुणालाच नवल वाटलं नाही.

२ ऑक्टोबर, मंगळवार
खेळाच्या मास्तरांना गाठलं. ते हसले. म्हणाले, अहो शहाणे, तुम्ही खरंच लिहिता? ‘धावा, दमा, पाणी प्या,’ यापलीकडे मी अक्षर देत नाही. पहिल्या आठवड्यात उंच उडीवर अर्धं पान दिलं, तेव्हापासून अंगणातला पाइप ओलांडताना अडखळतो.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी कुणाला विचारलं नाही, कारण मला सगळं येत होतं.

कार्यालयात पत्रकं परत मागितली. कारकुनाने पावत्या दाखवल्या. जमा झालेलं परत मिळत नाही, म्हणाला, सौम्यपणे.

आजपासून एक शब्द देणार नाही. ही रोजनिशी माझ्याजवळच राहते, यातलं कुठे जात नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार
फोनवर हिने विचारलं, कोण बोलतंय? मग हसली — पण उशिरा हसली. आमच्या घराला किती पायऱ्या आहेत ते आठवत नाही. दाराचा रंग — नाही. हिचा चेहरा फोटो पाहिला की कळतो, फोटो ठेवला की जातो.

मिरी आहे. मिरी सगळीच्या सगळी आहे. फोनवर रडली. म्हणाली, बाबा, हा माणूस तुमच्यासारखा खोकतो. या ना तुम्ही.

येतो म्हणालो.

९ ऑक्टोबर, मंगळवार
मुख्याध्यापिकांनी बोलावलं. म्हणाल्या, तिकडे तुमच्या जोडीदाराचं सगळं छान जमलंय, फक्त मुलगी जवळ येत नाही. तिच्यावरचं पत्रक तेवढं राहिलंय. जन्मापासून आजवर, सगळं. मोबदला देऊ. आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला.

मी उठलो. परतीचं तिकीट मागितलं.

१० ऑक्टोबर, बुधवार
तिकीट मिळेल, कारकून म्हणाला. नकार लेखी हवा, कारणांसह. छापील पत्रक नाही, साधा कोरा कागद. पत्रक नाही म्हटल्यावर धीर आला. दोन ओळी लिहिल्या: मुलगी माझी आहे, देणार नाही. त्याने परत केल्या. एवढ्याने बापाचं कारण होतं का, म्हणाला. हे तर कुणीही लिहील.

कुणीही!

बसलो तिथेच. असं लिहिलं की पुन्हा कुणी विचारायची छाती करू नये. भुवईखालचा व्रण, पाळण्यातली पहिली रात्र, मिरी नाव कसं पडलं, तापात ती कुठला हात धरते, खोटं बोलताना कुठला कान खाजवते — अर्धवट काम माझ्या हातून कधी गेलेलं नाही. चौदा पानं. तीन वाजून दहा मिनिटांनी पावती घेतली.

पायऱ्या उतरताना पाय थांबले. कशासाठी चाललो होतो —

११ ऑक्टोबर
मागची पानं वाचली. मिरी म्हणून कुणी आहे. अक्षर माझंच. मुलगी, असं लिहिलंय. बरं.

तिकीट आलंय. जायचं कुठे ते पत्त्यावर —

१२
पानावरचा नंबर लावला. एका मुलीने उचलला. हसत होती, कुणाच्या तरी विनोदावर. कोण हवंय विचारलं. मी म्हणालो — काय म्हणालो — ती म्हणाली, थांबा काका, बाबा इथेच आहेत, देते.

ठेवला.

नकाराची पावती खिशात आहे. तेवढं पक्कं. मुख्याध्यापिका एका पत्रकाचे चाळीस लाख देत होत्या. मी नाही म्हणालो. चाळीस लाखांना — मी — नाही म्हणालो, कारण