साट्यावरून घसरलेली पोळी

आबा,

तुमची नात मैत्रिणींबरोबर जॉर्जियाच्या डोंगरात बर्फावर घसरायला गेली आहे. इथून, बहरीनहून, हल्ली सगळेच जातात. परवा तिथं मोठं वादळ झालं. काल सकाळी ऊन पडलं आणि तिचा फोन आला, "बाबा, इट्स सो सनी! आम्ही लिफ्टच्या पलीकडच्या स्लोपवर जातोय." मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होतं.

ऊन पाहून भुलायला मी काय दुधखुळा आहे? इथं सित्र्याच्या कारखान्यात तेलाच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा मीच तपासतो, आणि बाहेरून टाकी नेहमी शांतच दिसते. शिवाय तुमची ती दिवाळीची सुट्टी मला विसरता येत नाही. तुम्ही काश्मीरच्या चौकीवरून आला आहात, आई चिरोट्यांसाठी पोळीवर तूप-पिठाचा साटा फासून तिच्यावर दुसरी पोळी ठेवते आहे. बर्फाचा कडा कोसळतो कसा, असं मी विचारतो आणि तुम्ही पोळपाटच उचलून तिरका करता. वरची पोळी अख्खी घसरून ओट्यावर पडते. "आवं, माझा साटा!" आई ओरडते. तुम्ही हसत नाही. "नवा बर्फ वर, खाली भुसभुशीत थर. पाय पडला की समदं एकदम निघतं. आमचा एक गडी असाच गेला. वादळ थांबलं म्हंजी धोका थांबला न्हाई."

मग तुम्ही शिकवलेलं सगळं मी लेकीला ठणकावून सांगितलं. आधी खाली, कमी उताराच्या जागी खड्डा खण. बर्फाचा चौकोनी खांब मोकळा कर, वर तुमच्या सामानातलं फावडं ठेव आणि हातानं हलकेच थापट; वरचा थर सरकला तर मागे फिर.

"बाबा, यू आर सिटिंग इन बहरीन!"

"तुझे आजोबा तिथं होते. खण."

माहूजच्या या घरात एसी चालू होता, तरी फोन परत येईपर्यंत मला घाम फुटला होता. "बाबा, जरासंच थापटलं, आणि वरचा पूर्ण ब्लॉक स्लाइड झाला." आवाज बारीक झाला होता. कुरकुरत का होईना, सगळ्या मागे फिरल्या. त्या उतारावर पुढं काही झालं की नाही, मला ठाऊक नाही. लेक हॉटेलात सूप पीत बसली होती, मला तेवढं पुरे.

तुम्ही असता तर रात्रीच फोन करून सांगितलं असतं. आता हे लिहून कपाटात ठेवायचं. एक गोष्ट तेवढी तिला कळू देणार नाही: मी अजून बर्फ पाहिलेला नाही, आबा. फ्रीजमधला सोडून.