चढाईत तुमचा विसर पडला तेव्हा

प्रिय बाबा,

आज भंडाऱ्यात आमची कबड्डीची फायनल झाली. आपण जिंकलो. आईनं ओवाळलं, शेजारी पेढे देऊन गेले, तरी मला चोरट्यासारखं वाटत राहिलं. म्हणून लिहायला बसले.

सामन्याआधी तुम्हाला काकाजी म्हणणाऱ्या संघातल्या मुली म्हणाल्या, "आज काकाजीसाठी खेळाचं." मला भरून आलं. वरठीच्या कारखान्यातून सुटलात की सायकल याच मैदानाच्या भिंतीला टेकवून तुम्ही माझा खेळ पाहायचात ना? पहिल्याच चढाईत माझी नजर त्या भिंतीकडे गेली, आणि समोरचीनं घोटा पकडला. दुसऱ्या चढाईतही तेच.

मध्यंतरात आई जवळ आली. "कोणाले पाहून राहिली तिकडं?"

"बाबाले."

तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "त्याईले घरी आठव. इथं त्या पोरीचे पाय पाह."

अंगणात तुम्ही हेच शिकवलं होतं. पकडणारी झेपावण्याआधी पाय सरकवते, म्हणून नजर तिथंच ठेवायची. आई ते चुलीजवळून ऐकत होती, हे कुठं माहीत होतं मला?

शेवटच्या चढाईला आपण एका गुणानं मागे होतो. हळूहळू लोकांचा आरडाओरडा कमी होत गेला. माझा दम तेवढा ऐकू येत होता. कोपऱ्यातल्या मुलीची टाच उचलली गेली, मी वळले, दोघींना शिवून मध्यरेषेवर पडले.

शिट्टी वाजली तेव्हा कळलं, एवढा वेळ तुम्ही मनात नव्हता. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुम्हाला वाईट वाटलं का, बाबा?

माझाही तुमच्यावर राग आहे. माझ्या निवड चाचणीच्या आठवड्यात तुमच्या छातीत दुखत होतं, आणि पोरीचं ध्यान भटकेल म्हणून तुम्ही आईलाही बोलू दिलं नाही. काहून? मी चाचणी सोडली असती. ती पुन्हा झाली असती.

परतताना एसटीत आई तुमच्याबद्दल काही सांगत होती. मी मनातल्या मनात तीच चढाई खेळत होते. "ऐकून राहिली का?" तिनं विचारलं. मी दचकले. "राहू दे," म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

काय सांगत होती ते मला माहीत नाही. उद्या फोन बंद करून तिच्याजवळ बसेन, पुन्हा विचारेन, आणि ती थांबेपर्यंत ऐकेन. एवढा शब्द देते.

तुमची,
रुपा