कै. अनंतकाकांस, तातडीने

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप अनंतकाकांस,

शंतनूचा दंडवत. आपली प्रकृती कशी आहे? हे दरवेळेसारखं रीत म्हणून विचारत नाही, खरोखरच विचारतोय, आणि उत्तर शक्यतो आपल्या हस्ताक्षरात यावं. शैलाकाकूंना नमस्कार, पण पत्र त्यांना वाचून दाखवू नये. (फोन त्याच उचलतात, म्हणून तर हा पोस्टाचा खटाटोप.)

खुलताबादच्या शाळेत ज्यांच्या शेजारी बसून आपण मार खाल्लात, त्या आप्पासाहेबांच्या वेरूळ रोडवरच्या लॉजची वेबसाईट करायचं काम आपणच मला मिळवून दिलंत. "माणूस साधा आहे, सांभाळून घे," म्हणाला होतात. आता माझ्या धंद्याची एक रीत आहे. वेबसाईट तयार झाली की ती स्वतः कशी चालवायची हे मी गिऱ्हाइकाला शिकवतो. बाकीचे डिझायनर साधा फोन नंबर बदलायलाही खेटे घालायला लावतात. मी किल्ल्या हातात देऊन मोकळा होतो. (या तत्त्वावर मी एका कार्यक्रमात भाषण ठोकलंय. टाळ्याही पडल्या होत्या. त्या लोकांचे पत्ते आता शोधतोय.)

शिकवणी लॉजच्या ओसरीवर झाली. आप्पासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई धपाटे वाढत होत्या आणि आप्पासाहेब प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. दुसऱ्याच दिवशी 'आमच्या खोल्या' या पानावर एक म्हैस उगवली. विकाऊ, दुसऱ्या वेताची. फोन केला तर म्हणाले, "माणसं खोल्या बघायला येतेत, म्हैस बी बघतील की." म्हैस विकली गेली, त्यामुळे मला पुढं तोंड उघडता आलं नाही.

मग खोली नंबर एकचा घोळ सुरू झाला. तळमजल्यावरची, लॉजमधली सगळ्यात चांगली खोली, खिडकीतून डोंगर दिसतो. वेबसाईटवर ती कायम 'भरलेली', आणि प्रत्यक्ष जाऊन बघावं तर दाराला कुलूप. आप्पासाहेब चुकीचं बटण दाबतात असं समजून मी रोज सकाळी इथं ऑफिसात बसून ती 'रिकामी' करायचो. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा भरायची. शेवटी त्यांचाच घाबरा फोन आला की वेबसाईटमध्ये चोर शिरलाय आणि खोल्या उघडतोय. (चोर मीच, हे त्या क्षणी माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.) मी सुरक्षेवर लांबलचक व्याख्यान झोडलं. पासवर्ड बदला, कोणालाही सांगू नका, खुद्द मी मागितला तरी देऊ नका. आयुष्यात माझं एवढं कोणी ऐकलेलं नाही.

पुढचं ऐकायला जरा बसून घ्या. 'आमच्याविषयी' या पानावर मी आप्पासाहेबांच्या वडिलांचा फोटो लावला होता. वर 'कै.', भोवती झेंडूचा हार, बोट लावलं की हार हलतो. (ही हलण्याची कला माझी. दोन दिवस गेले त्यात.) नवा फोटो टाकायचा तर आहे ती चौकट कॉपी करा, फोटो बदला, नाव बदला, असं मी शिकवलं होतं. लॉजचा वर्धापनदिन आला, आणि चौकातल्या फ्लेक्सवर असतात तसे शुभेच्छुक वेबसाईटवरही पाहिजेत असं आप्पासाहेबांनी ठरवलं. त्यांनी चौकट कॉपी केली, फोटो बदलला, नाव बदललं. तंतोतंत. आता तिथं सरपंच, डेअरीचे चेअरमन, दोन मेहुणे, व्याही, सगळे ओळीनं कैलासवासी झालेत. आणि सगळ्यांच्या वर, थेट वडिलांच्या खाली, आपण. लॉजच्या उद्घाटनाच्या दिवशीचा हसरा फोटो आहे. हारही हलतो.

गावात बोंब उठेल असं वाटलं होतं. पण हाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही! चेअरमनची तक्रार एवढीच, की सरपंच वर का. धाकट्या मेहुण्याला गॉगलवाला फोटो हवा होता. ज्यांचे फोटो नव्हते ते रुसले, मग त्यांनाही हार घातले गेले. हरकत आली ती इंदूरहून. महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या एका कुटुंबानं दबक्या आवाजात विचारलं, "भैया, खाने में कुछ था क्या?" आणि बुकिंग रद्द केलं. त्यांच्यामागं बाकीच्यांनीही. शिवरात्रीवर त्या लॉजचं अर्धं वर्ष चालतं, काका. रस्त्याकडेचं पिकतं रान मोडून बांधलाय तो. आप्पासाहेब जेवेनासे झालेत आणि मला स्वतःची लाज वाटते.

मी धावत गेलो. पासवर्ड द्या, पाच मिनिटांचं काम आहे म्हटलं. "नाय. तूच बोलला व्हता, खुद्द मी मागितला तरी देऊ नका. मंग तवा खोटं बोलला का आता बोलतोय?" बरं, तुम्हीच काढा म्हटलं, तर म्हणाले, चौकट काढून फोटो पुन्हा टाकावा लागतो, आणि आधी कोणाचा काढायचा? ज्याचा काढला तो लेकीच्या लग्नालाही येणार नाही. मी परत आलो.

बाकी इकडं सगळं क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आपल्याला उदंड आयुष्य.

आपला,
शंतनू

ता. क. खरं काम असं. आप्पासाहेब म्हणतात, "पासवर्ड अनंताला सांगंन. फोनवर नाय, तोंडावर." तेव्हा शिवरात्रीच्या आत वेरूळला या. काकूंना सोबत आणा; एकटेच चालत आलात तर गावातली माणसं दचकतील.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात लक्ष्मीबाईंचा फोन आला. राहायची काळजी करू नका म्हणाल्या, खोली नंबर एक आहे. उद्घाटनाला आपण 'लवकरच राहायला येतो' म्हणाला होतात, म्हणून ती आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिलेली नाही. आपले गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची. मी म्हटलं, म्हणजे ती रिकामीच होती की! तर म्हणाल्या, "रिकामी कशी? अनंतभावजींची हाय ना ती." काका, वेबसाईटवर आप्पासाहेबांनी तेवढी एकच गोष्ट बरोबर केली होती, आणि ती मी रोज सकाळी नेमानं बिघडवत होतो.