बुटक्या झाडांची बगलफूट

दादा,

आज फुलंब्रीहून परत आले, पाय धुतले आणि चहासुद्धा न करता लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यावर रागावणं बरं दिसत नाही. पण बरं दिसण्याची नोकरी मी आयुष्यभर केली आणि त्यातूनही निवृत्त झाले. खरं तर रागवायचाही कंटाळा आलाय, तरी राग जात नाही.

आपल्या फुलंब्रीच्या वावरात, रस्त्याकडच्या तुकड्यावर मी पॉलिहाऊस उभं केलंय. प्लॅस्टिकच्या कागदाचं घर, आत ओळीनं पिशव्या आणि पिशव्यांत बुटक्या जातीचे चेरी टोमॅटो. झाड गुडघ्याच्या वर जात नाही, फळ बोराएवढं. शहरातली हॉटेलं घेतात. आत वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून रोज सकाळी शहरातून, गारखेड्याच्या घरून बस पकडून जायचं आणि फुलोऱ्याला टिचक्या मारत फिरायचं, तेव्हा कुठं फळ धरतं. तुमचा धाकटा पहिल्यांदा बघायला आला तो दारातच थांबला. "आक्का, झाडांना गुदगुल्या करती का?" मग एक फळ तोंडात टाकून म्हणाला, "गोड हाय. पण भाजी करायची तर अख्खी ओळ चुलीवर ठेवावी लागंल."

तो तुकडा त्यानं मला तोंडी वापरायला दिलाय. कागदावर सगळं वावर त्याचं आहे. तुमचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेव्हा चार नातेवाइकांनी मला रजिस्ट्रीच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. बहिणीनं भावाकडं वाटा मागायचा नसतो म्हणे. त्यांना मी काय बोलणार, हे त्यांना तुम्हीच शिकवलं होतं. अजून डोळ्यांसमोर आहे: मी मिशनच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आलेय, तुम्ही भाकरी कुस्करताय, आणि मी सरळ विचारते, "दादा, यातलं माझं वावर कुठलं?" आमच्या सिस्टर सांगायच्या, मनात असेल ते तोंड उघडून स्पष्ट बोलावं. तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "तुझा वाटा तुझ्या शाळेत गेला की." आणि आईकडं वळून, "लई शिकवलं हिला." शाळेत धाकट्यालाही घातलं होतं. तो पळून आला, तर त्याचा वाटा काही शाळेत गेला नाही. हे तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय, तर ऐकायला तुम्ही नाही.

तरी टोमॅटो तुम्हीच शिकवलेत. दोन सऱ्या, एक माझी, एक त्याची. पानाच्या बगलेत फूट दिसली की खुडायची, एकच खोड वर चढवायचं आणि सुतळीनं बांधायचं. मी शिवणकामाच्या तासाची कात्री घेऊन आले तर ती तुम्ही काढून घेतलीत. "लोखंड नाय लावायचं. बोटानं मोडायचं, झाडाला कळत बी नाय."

या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं. धाकटा म्हणाला, "तू घरी बस, मी बघतो." मी परत गेले तर प्रत्येक झाडाची काडी झालेली. एकूण एक बगलफूट खुडलेली, आणि वीतभर उरलेलं खोड सुतळीनं वरच्या तारेला बांधलेलं. दादा, बुटक्या जातीला फळ धरतं ते याच फुटींवर.

त्यात त्याच्या मुलाला तिथं लग्नाचं लॉन्स काढायचंय, आणि माझा तुकडा पार्किंगला हवाय. मी धाकट्याला म्हटलं, "मुद्दाम केलंस. झाडं गेली की म्हातारी घरी बसेल, हेच ना?"

तो म्हणाला, "दादांनी शिकवलं तसंच केलं, आक्का. कंबर धरली माझी." त्यानं हात पुढं केले. टोमॅटोच्या पाल्यानं बोटं हिरवी-काळी झालेली, नखांच्या कडा भरलेल्या. मी पिशव्यांच्या कडेला खाली बसले आणि बुटक्या जातीचं त्याला समजावून सांगितलं.

"मग आधी सांगायचं व्हतं."

"तू विचारायचं होतंस."

"इचारलं आसतं तर इंग्रजीत सांगितलं आसतं तू."

तेवढ्यात त्याचा मुलगा दारात आला. झाडांकडं बघून म्हणाला, "आत्या, आता काही राहिलंच नाही ना? मग जेसीबी बोलावतो."

धाकट्यानं सुतळी सोडता सोडता त्याला विचारलं, "उभ्या पिकात जेसीबी घालणार तू?"

"याला पीक म्हणायचं?"

"बुडाला फूट येतीय, बघ. उभं पीक मोडत नसतेत आपल्यात. आक्काचं पीक निघू दे, मग कर तुला काय करायचं ते."

मुलगा पाय आपटत गेला, पण बापाचा शब्द त्यानं मोडला नाही. पीक निघेपर्यंत, असं ठरलं. त्या दिवसापासून मी थोडं थोडं पेरत असते. एक ओळ संपत आली की दुसरी फुलावर असते, आणि तिच्यामागं रोपं तयार होत असतात. माझ्या पॉलिहाऊसमध्ये कधीच सगळं पीक निघालेलं नसतं. रोपांचा नवा ट्रे मी पोत्याखाली, बाकाच्या आड लपवते. या वयात चोरून पेरायचं, तेही बापाच्या वावरात.

आज गेले तर ट्रे बाकाच्या आड नव्हता. धाकट्यानं तो दाराशी, उन्हाच्या तिरिपेत आणून ठेवला होता. मला बघून म्हणाला, "अंधारात ठेवल्यावर रोपं लांबडी व्हतेत." आणि पाण्याचा पाइप ओढत पलीकडं गेला. मी ट्रे तिथंच राहू दिला.

हे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. हे टोमॅटो मला आवडत नाहीत. साल जाड असते, दातांत अडकते. मी ते कधीच खात नाही.