एहसानच्या नावाने

चाकण, रविवार

प्रिय दिव्या,

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. फोनवरचं कुठे कुठे साठतं हे तूच शिकवतेस, म्हणून कागदावर लिहितोय. आईचे गुडघे कसे आहेत?

इंटरनेटवरच्या हक्कांचा तुझा ऑनलाइन वर्ग असतो ना, त्यात परवा मीही बसलो. तुझ्याशी कोण कोण बोलतं ते बघायचं होतं, म्हणून खोलीतल्या एहसानच्या फोनवरून, त्याच्याच नावाने. "टॉर्चच्या ॲपला आपले नंबर कशाला हवेत?" असं लिहून विचारलं. किती गोड हसलीस! कायदा काय, नकार कसा द्यायचा, सगळं सावकाश सांगितलंस. वर, "समजलं ना, एहसानभाऊ?"

माझा फोन आला की, "जेवलात का? ठेवते."

तेव्हापासून मी एहसानशी धड बोललेलो नाही. बिचारा विचारतोय, "भावा, माझं काय चुकलं?"

तुझाच, आणि स्वतःच्याच नावाने,
निरंजन