मी तर नामपूरला आहे

११ नोव्हेंबर १९९९, गुरुवार

ठरलं. शनिवारी रामशेज. एकटा.

एकतीस वर्षं पेठ गाडीवर कंडक्टर होतो. जाता-येता तो किल्ला खिडकीतून दिसायचा. तिकिटं फाडता फाडता एक नजर टाकायची, तोवर आशेवाडी मागे पडायची. रिटायर होऊन पाच महिने झाले. दिवसभर घरात बसून खुर्चीचे वेत मोजतोय.

अडचण एकच — नवसाबाई. डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून पाहिला आणि "जिने टाळा" म्हणाले. तेव्हापासून बायको मला गच्चीवरसुद्धा जाऊ देत नाही. किल्ल्याचं नाव काढलं तर बाहेरून कडी लावेल.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

खोटं बोललो. "नामपूरला लहानूकडे जातो. रात्री तिथेच राहीन." लहानू माझा जुना ड्रायव्हर. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मफलर न्या."

इतक्या सहज सुटेन असं वाटलं नव्हतं. थोडी लाज वाटली. झोप मात्र छान लागली.

१३ नोव्हेंबर, शनिवार — रात्र, डेपोतल्या खाटेवर

सगळं आजच लिहून काढतो. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी आशेवाडीला उतरलो. पायऱ्या लागेपर्यंत गुडघा गप्प होता, मग बोलायला लागला. बसलो, उठलो, परत बसलो. पोरंटोरं तासाभरात चढतात, मला अडीच तास लागले. मध्ये एकदा परत फिरणारच होतो. कोणाला कळतंय? पण मला कळलं असतं, आणि मी तर चोवीस तास माझ्याच सोबत असतो.

वर रामाच्या देवळापाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. भागीबाई. माझ्याकडे बघतच राहिली.

"तुमी पेठ गाडीवं व्हते ना?"

छाती फुगली. म्हटलं, हो, मीच.

"मला कोंबड्यासकट उतरवलं व्हतं तुमी. उमराळ्यापून चालत आले."

काही केल्या आठवेना. पण मीच असणार. कोंबड्यांच्या बाबतीत मी फार कडक होतो. म्हटलं, "चुकलंच माझं, बाई."

"आता काय त्याचं. कोंबडा कवाच खाल्ला."

मग तिनं भाकरी-ठेचा काढला, मी नवसाबाईनं लहानूसाठी दिलेल्या मेथीच्या पुऱ्या काढल्या. लहानूच्या वाटच्या पुऱ्या भागीबाईला लय आवडल्या. जेवण झाल्यावर तिनं मला कडेपर्यंत नेलं. "हिथून बघा तुमची गाडी."

खाली पेठचा रस्ता. त्यावर लाल काडेपेटीएवढी एसटी. एवढ्याशा डब्यात मी एकतीस वर्षं उभा होतो — आणि माझा रुबाब किती! माझा मीच हसत बसलो. वारा असा की मफलर खरंच लागला.

उतरताना निम्म्या पायऱ्या बसून उतरलो. पँटची मागची बाजू गेली. संध्याकाळी नाशिकला सीबीएस स्टँडवर आलो, सवयीनं घराकडे, पंचवटीकडे चालू लागलो आणि थबकलो. मी तर नामपूरला आहे. घरी जाता येत नाही.

आपल्याच गावात परगावचा झालो. मग पाहुण्यासारखाच हिंडलो. कॉलेज रोडला आयुष्यात कधी संध्याकाळी गेलो नव्हतो. काय झगमगाट! पोरं-पोरी स्कूटरवर बसून खिदळतात, कोणाला कोणाची पर्वा नाही. मीही उंच ग्लासातली कोल्ड कॉफी मागवली. नळीत आइस्क्रीम अडकलं. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, "काका, चमच्यानं खा." खाल्लं. दुसरी मागवली.

पुढे एका मैदानावर ऑर्केस्ट्रा चालला होता. तिकीट काढून बसलो. दोन-चार गाण्यांनंतर नकलाकार आला आणि एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायला लागला. नाकातून 'तिकीऽट तिकीऽट'. लोक हसत होते. मला राहवेना. "अहो, असं नसतं," म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन.

"मग कसं असतं, काका? या वर."

स्टेजलाही पायऱ्याच. चढलो. माइक हातात आला. डोळे मिटले आणि पेठ गाडी सोडली. "चला, आशेवाडी, उमराळे, करंजाळी, पेठ... ओ पाव्हणं, दारातून आत व्हा, आत काय वाघ हाय का? ताई, पोराला मांडीवर घ्या. कोंबडा कोणाचा? असू द्या, बसू द्या त्याला, खिडकीपाशी." डबल बेल दिली तोंडानं. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं. नकलाकारानं वाकून नमस्कार केला.

भिमाजी, तू अजून संपला नाहीस.

१४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी घरी आलो. "लहानू कसा आहे?" "बरा आहे." "पुऱ्या आवडल्या का त्याला?" "फार."

१५ नोव्हेंबर, सोमवार

गुडघा भोपळ्याएवढा. सांगितलं, एसटीत दाटीवाटी होती.

१७ नोव्हेंबर, बुधवार

मेलो.

रात्री जेवताना शेजारच्या सरुबाई धावत आल्या. "वहिनी, टीव्ही लावा, केबलवर तुमचे हे दिसतायत!" ऑर्केस्ट्रावाल्यांनी सगळं शूटिंग केलं होतं, मला काय माहीत? पडद्यावर मी, गळ्यात मफलर, फाटकी पँट. मागे कापडी फलक: नाशिक, १३ नोव्हेंबर. आणि सोडतोय काय? तर पेठ गाडी.

सरुबाई हसून हसून खाली बसल्या. नवसाबाई हसली नाही. शेवटपर्यंत बघितलं, मग टीव्ही बंद केला. सरुबाई गेल्यावर मी सगळं कबूल केलं. किल्ला, भागीबाई, कोल्ड कॉफी, दुसरी कोल्ड कॉफीसुद्धा. तिनं तेलाची वाटी आणली. माझ्या गुडघ्याला तेल चोळलं आणि दिवा मालवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा देताना म्हणाली, "दर मंगळवारी तुमची मुक्कामाची गाडी असायची. तेव्हा मी सहाच्या खेळाला जायचे, सिनेमाला. आपल्या शुभांगीला सरुबाईंकडे ठेवून. बारा-तेरा वर्षं जात होते."

मी कप खाली ठेवला. "कोणाबरोबर?"

"तुम्ही किल्ल्यावर कोणाबरोबर गेला होता?"